सातगाळ्याचं गाऱ्हाणं

मला ज्यांचा हेवा वाटला त्यांत एकही श्रीमंत नाही, एकही पुढारी नाही. एक सुतार आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी मालवणच्या बाजारात त्यांच्या एका वाक्याला जितके लोक जाब देत, तितके लोक माझ्या साऱ्या पत्रकांना मिळून भेटले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं नाव जगन्नाथ मेस्त्री. सगळा बाजार त्यांना जगूतात्या म्हणे.

बंदराकडून येणारा रस्ता बाजारात जिथे वळतो, तिथे सातगाळा उभा होता. खाली एका रांगेत सात दुकानांचे गाळे, वर लांबलचक माडी, पुढे दगडी ओटा. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चुना शिंपले भाजून केलेला. बंदर गलबतांनी भरलेलं असे त्या काळात एका व्यापाऱ्यानं आणि एका तांडेलानं, म्हणजे गलबत हाकणाऱ्या कप्तानानं, मिळून ही इमारत बांधली होती. तांडेलाचं गलबत खडकावर फुटलं तेव्हा त्याची डोलकाठी वाहत किनाऱ्याला लागली. तीच त्यानं इमारतीला आढं म्हणून घातली. माडीवर जाऊन वर पाहिलं की त्या लाकडावर दोरखंडांनी पडलेल्या खाचा दिसत.

तात्या त्या आढ्याला म्हातारो म्हणत. "चाळीस वर्सां दर्यात उभो रवलो," ते सांगत, "आता आडवो पडान आराम करता. करूंदे."

सहा गाळ्यांत कापड, किराणा, भांडी, औषधं असली दुकानं होती. सातवा, वळणाच्या कोपऱ्यावरचा गाळा तात्यांचा. तिथे त्यांचा रंधा चाले. इमारतीची डागडुजी करायची, पावसाच्या आधी कौलं परतायची आणि बदल्यात सातव्या गाळ्यात बसायचं, ही व्यवस्था त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती.

तात्या बुटके होते, आणि एक खांदा करवतीमुळे खाली उतरलेला. अंगात बंडी, कमरेला पंचा. कुणी काही विचारलं की लगेच उत्तर देत नसत. जवळ जे लाकूड असेल त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकत, मग बोलत. लाकूड नसलं तर ठोकण्यासारखं काहीतरी शोधेपर्यंत विचारणारा थांबे. "दमान" हा त्यांचा आवडता शब्द. गिऱ्हाइकाला दमान, मांजराला दमान, तासायच्या फळीलाही दमान. आणि सातगाळ्याकडे पाठ करून मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. समोरच्या हॉटेलात चहा प्यायला आले तरी भिंतीला पाठ टेकून, तोंड इमारतीकडे.

मी तेव्हा तेविशीचा. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कुठल्या कुठल्या सभांतून ती आणत आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवत. मी अक्षरं शिकलो ती त्यांवर. त्यामुळे माझ्या मनातला प्रत्येक विचार मथळा घेऊनच जन्माला येई. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र होण्याच्या आगेमागचे ते दिवस होते. सगळं नव्यानं मांडायचं आहे आणि ते आपणच मांडायचं आहे, अशी माझी खात्री होती. बाजाराच्या नाक्यावर मी भाषण करी तेव्हा नऊ माणसं थांबत. त्यातली दोन मोटारीची वाट बघत असत.

दुकानांना तेव्हा उभ्या फळ्यांची दारं होती. सकाळी एकेक फळी खाचेतून काढायची, रात्री एकेक बसवायची. दर गाळ्याला अकरा फळ्या, आणि कुठली कुठे जाते ते तात्यांना हातानं कळे. दुकानदारांचा रोज घोळ व्हायचा, आणि रोज हाक यायची, "तात्यानू, जरा बघा हो." मला ते बघवत नसे. एवढा मोठा बाजार एका म्हाताऱ्याच्या हाताच्या आठवणीवर का चालावा? एका उन्हाळ्यात मी रंगाचा डबा आणला आणि कापडवाल्याच्या फळ्यांवर तात्यांच्याच देखत एक ते अकरा आकडे घातले. तात्यांनी ब्रश धरायलासुद्धा मदत केली.

दोन महिने सगळं झकास चाललं. कापडवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडे दाखवी. मग पावसाळा लागला, फळ्या फुगल्या, आणि एका संध्याकाळी त्याचं दुकान काही केल्या बंद होईना. आत पावसाची झड, ताग्यांवर पाणी. मी आठ नंबरची फळी आठव्या जागी ठोकत होतो. तात्या आले, फळीवर दोनदा पेर वाजवलं आणि ती माझ्या हातातून काढून घेतली.

"पावसात ही तिसरी जाता," ते म्हणाले. "थंडीत परत आठवी येयत."

"पण आकडा आठ आहे, तात्या."

"तुजो आकडो बरो आसा, झिला. पण फळयेक वाचूक येणा नाय."

हॉटेलातली माणसं खोखो हसली. तात्या हसले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी अकराही फळ्या हां हां म्हणता बसवल्या आणि जाताना म्हणाले, "रंग मात्र झकास आसा हां. लाकडाक बरो." त्यांना मनापासून तसं वाटत होतं.

पण माझा खरा हेवा दसऱ्याचा.

आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्यानं बोलतो, देवाला सगळं सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणतात. दसऱ्याला तात्या हत्यारांची पूजा करत आणि मग ओट्यासमोर उभे राहून सातगाळ्याचं गाऱ्हाणं घालत. ते त्यांच्या आजोबांनी सुरू केलं होतं. त्यात त्या इमारतीचा सगळा इतिहास होता. दीडदोनशे माणूस जमे. मुंबईहून आलेले चाकरमानीसुद्धा त्यासाठी एक दिवस जास्त राहत.

"बा देवा रामेश्वरा, आज ह्यो सातगाळो तुका हाक मारता."

"व्हय महाराजा."

"जेणी दर्यातसून डोलकाठी वर काढून आडी घातली तो, मिठाच्या गाळ्यात बसलो तो, काथ्याच्या गाळ्यात बसलो तो, साथीच्या वक्ताक दोन नंबरात निजले आणि बरे होवन उठले ते, आणि जे उठाक नाय ते, सगळे आज हयसर आसत."

"व्हय महाराजा."

त्या आवाजानं ओटा हादरायचा. मी ऐकायचो आणि जळायचो. या माणसानं ना काही वाचलेलं, ना काही छापलेलं. आणि शंभर-दोनशे तोंडं एका वेळी त्याला हो म्हणतात. मी महाराज मानत नव्हतो, देवही मानत नव्हतो, आणि तिथे उभं राहून गप्प बसणं म्हणजे लबाडी. म्हणून साथीच्या गाळ्यापर्यंत ऐकून मी दर वर्षी समोरच्या हॉटेलात निघून जाई. हॉटेलात तेव्हा ग्रामोफोन चालू असे.

ओट्याच्या पायरीवर गोदावयनी खाजं विकायला बसत. खाजं म्हणजे आमच्या जत्रेतला गुळात घोळलेला कडक खाऊ, आणि वयनींची जीभ त्याहून कडक. माझी पाठ वळली की त्या हटकून म्हणत, "पळालो बघ. एक व्हय म्हटलंस तर तोंड झिजात काय रे तुजा?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वयनी."

"असात बाबा. हॉटेलात गरम मिळता काय ता तत्त्व?"

एस.टी.ची लाल मोटार नाका सोडून बाजाराच्या आत येऊ लागली आणि सातगाळ्याचं वळण तिला पुरेना. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. तिकडून कागद आला, की वळणावरचे तीन गाळे पाडून रस्ता रुंद करायचा आहे, हरकती असतील तर साहेब जागेवर येऊन ऐकतील. बाजार हादरला. तीन गाळे गेले की आढं मधेच कापावं लागणार, आणि तसं झाल्यावर उरलेली माडी उभी राहणार नाही, हे सगळ्यांना तात्यांनीच सांगितलं. म्हणजे खरं तर सगळा सातगाळाच जाणार होता.

मला वाटलं, ही माझी वेळ. मी चार रात्री बसून पत्रक लिहिलं. 'सातगाळा कोणाचा?' त्यात मी मांडलं, की ही इमारत व्यापाऱ्याची नव्हे, तांडेलाची नव्हे. ज्यांनी कुंभारमाठाच्या माळावर चिरे खणले, डोक्यावरून वाहिले, एकावर एक रचले, त्यांची ही इमारत. आणि शेवटी, मोठ्या टायपात: 'त्या हातांची नावं इतिहासानं पुसून टाकली. आज त्यातलं एकही नाव सांगणारा कुणी उरलेला नाही.' हे वाक्य मी स्वतःच पाठ म्हणत फिरत होतो, इतकं ते मला आवडलं होतं.

पाचशे प्रती छापल्या. तिसऱ्या दिवशी गोदावयनींच्या खाज्याच्या पुड्या त्यात बांधलेल्या दिसल्या. "कागद बरो आसा रे," त्या म्हणाल्या. "गूळ फुटणा नाय."

तात्यांनी मात्र ते शिंप्याकडून वाचून घेतलं. मी सातव्या गाळ्यावरून जात होतो, त्यांनी हाक मारली. बाकावर दोनदा पेर वाजलं.

"बरा लिवलंस. फकत एक सांगतंय. नावा आसत."

"कुणाची?"

"बांदणाऱ्यांची. गाऱ्हाण्यात..."

"शेटजींची आणि तांडेलांची नावं मला नकोत, तात्या," मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "ती घ्यायला सगळं गाव बसलंय."

तात्या म्हणाले, "बरा," आणि रंध्याकडे वळले. लाकडाची सालपटं माझ्या पायांवर पडत होती.

साहेब आले ते घाटावरचे होते. घरून परस्पर फोंडाघाटातून उतरताना मोटारीत त्यांना त्रास झालेला, चेहरा पिवळा. बरोबर एक शिपाई, तो कणकवलीकडचा. ओट्यावर टेबल-खुर्ची टाकली आणि समोर सगळा बाजार उभा राहिला. मी पहिला. मी पत्रक वाचलं, शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. साहेबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे कुणी बांधली ते तुम्हाला ठाऊक नाही," ते म्हणाले.

"तेच तर मी म्हणतोय. ती नावं पुसली गेली."

"बरं. मग यात नोंदवू काय?"

मी पत्रक उलटून पाहिलं. मागून कापडवाला म्हणाला, "साहेब, आमच्या तात्यांना विचारा." तात्या पुढे आले. टेबलावर दोनदा पेर वाजवलं. साहेब दचकले.

"माका कागदावरचा बोलूक येणा नाय, साहेब," तात्या म्हणाले. "गाऱ्हाण्यातला सांगतंय, चलात?"

साहेबांना गाऱ्हाणं म्हणजे तक्रारच वाटली असावी, त्यांनी मान हलवली. तात्यांनी हात जोडले, आणि डोलकाठीपासून सुरुवात केली. लोक सवयीनं जाब देऊ लागले. मिठाचा गाळा झाला, काथ्याचा झाला, साथीचा झाला. माझी पावलं हॉटेलाकडे वळण्याची ही जागा. पण त्या दिवशी मागे गर्दी दाटली होती, मला हलता येईना. तात्यांनी तोंड सातव्या गाळ्याच्या कोनाकडे केलं.

"जेणी माळावर चिरे खणले तो रामा, तेचो भाव भागू. जेणी ते खांद्यार मारून हाडले तो तुकल्या."

"व्हय महाराजा."

"जेणी ओळंबो धरलो तो बस्त्याव, जेणी चिऱ्यार चिरो बसयलो तो सोमा, तेच्या हाताखालचो जानू. जेणी शिंपले भाजून चुनो मळलो ती गंगी."

"व्हय महाराजा."

"आणि तो मुको, जेका आपला नाव सांगूक येय नाय. तेंची सगळ्यांची ही मेहनत, देवा."

"व्हय महाराजा," लोक म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं साहेबांच्या मागे उभा असलेला तो शिपाई. साहेबांनी वळून पाहिलं तेव्हा तो कागद सारखे करू लागला.

माझ्या हातात पत्रक होतं. एकही नाव सांगणारा कुणी उरलेला नाही. ती सगळी नावं दर वर्षी, वीस पावलांवर, सगळ्या बाजारासमोर घेतली जात होती, आणि मी त्या वेळी तत्त्वासाठी चहा पीत होतो. ज्याला बोलता येत नव्हतं त्या माणसालाही तात्यांच्या इतिहासात जागा होती. असा इतिहास मला लिहायचा होता. हा माणूस तो बिनकागदाचा, पंचा नेसून, उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला होता. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण आधी हेवाच वाटला.

साहेबांनी टेप लावून मोजमापं घेतली, तात्यांना घेऊन माडीवर चढले, आढं पाहिलं. खाली आल्यावर म्हणाले, "आढं राखता येईल. पण एक गाळा तरी जाणारच. मोटार वळायला हवी."

तात्यांनी पेर वाजवलं नाही. लगेच बोलले. "मगे सातवो घेया. तो माजो."

त्यागावर मी तीन पत्रकं लिहिली होती. एवढ्या कमी शब्दांत ते जमतं हे मला ठाऊक नव्हतं.

सातवा गाळा पाडला तेव्हा तात्यांनी स्वतः फळ्या काढल्या आणि भावाच्या खळ्यात नेऊन ठेवल्या. पाडणाऱ्यांना ते दमान, दमान म्हणत होते. चिरे रस्त्याच्या भरावात गेले. मोटार आरामात वळू लागली. इमारतीचं नाव सातगाळाच राहिलं, आणि तात्या किराणावाल्याच्या ओट्याच्या टोकावर हत्यारांची पेटी घेऊन बसू लागले.

मी ती सात नावं आणि आठवा मुका त्याच संध्याकाळी कागदावर उतरून घेतला होता. नवं पत्रक काढायचं होतं, नावं माझी असल्यासारखी. कागद खिशात घेऊन फिरत होतो. पण पहिलं वाक्य सुचत नव्हतं.

पुढचा दसरा आला. मी हॉटेलात गेलो नाही. गर्दीच्या कडेला, वयनींच्या टोपलीजवळ उभा राहिलो. वयनींनी भुवया वर केल्या. तात्यांनी नारळ ठेवला. आवाज तोच. डोलकाठी, मीठ, काथ्या, साथ. मग त्यांनी सवयीनं तोंड कोनाकडे केलं, आणि तिथे रस्ता होता.

"जेणी माळावर चिरे खणले तो रामा," ते म्हणाले, "तेचो भाव भागू. जेणी..."

आणि थांबले.

लोक जाब द्यायला तोंड उघडून उभे. तात्यांचा हात काहीतरी ठोकायला शोधत होता, आणि समोर लाकूड नव्हतं. त्यांचे ओठ हलले. पुन्हा म्हणाले, "जेणी..."

कागद माझ्या खिशात होता. कागदाची गरजही नव्हती, ते नाव मला पाठ होतं. मी गप्प उभा राहिलो. किती वेळ ते सांगत नाही. त्या वेळात मला बरं वाटत होतं, एवढं मात्र सांगितलं पाहिजे. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते घडत होतं. हा माणूस चुकत होता, आणि उत्तर माझ्याकडे लिहिलेलं होतं.

"तुकल्या," माझ्या शेजारून गोदावयनी म्हणाल्या. बसल्याबसल्या, खाज्याची पुडी बांधता बांधता. "खांद्यार मारून हाडले तो तुकल्या."

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "व्हय महाराजा."

"ओळंबो धरलो तो बस्त्याव," मागून कुणीतरी म्हणालं.

"व्हय महाराजा," तात्या म्हणाले.

"सोमा," कापडवाला म्हणाला. "आणि जानू."

"चुनो मळलो ती गंगी," दोन बायका एकदम म्हणाल्या.

दर नावाला तात्या एकटे जाब देत होते, आणि नावं सगळा बाजार घेत होता. मग नावं संपली. लोक एकमेकांकडे बघू लागले. आठव्याला नावच नव्हतं, म्हणून तो कुणाच्या तोंडात येईना. तात्यांची मान गर्दीवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. मी लिहून घेताना त्यांनी पाहिलं होतं.

"तुज्याकडे आसा मां रे, झिला?" ते म्हणाले. "मगे म्हण."

खिशातला कागद मी काढला नाही. "आणि तो मुका," मी म्हणालो. आवाज सभेतला निघाला नाही. "जेका आपलं नाव सांगूक येत नव्हतं."

माझी मालवणी अर्धी पुस्तकी झाली. कुणी हसलं नाही.

"व्हय महाराजा," तात्या म्हणाले. आणि मग सगळा बाजार म्हणाला.

तात्यांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवताना म्हणाले, "जरा उशीर केलंस." एवढंच. त्यांना किती कळलं होतं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याकडे निघालो होतो. पहिली मोटार अजून यायची होती. सातवा गाळा जिथे होता तिथे, रस्त्याच्या मधोमध, तात्या उभे होते. एक हात काठीवर, दुसरा पुढे केलेला. गुडघ्याशी हवेत तो एकदा टेकवला, मग वीतभर वर, मग आणखी वीतभर वर. जिथे कोनाचे चिरे एकावर एक होते तिथेच. ओठ हलत होते, चिऱ्यागणिक एक नाव. तिसऱ्यांदा हात जरा थांबला, मग सरकला. आठव्यांदा तो त्यांच्या डोक्याच्या उंचीवर होता. तिथे त्यांनी दोनदा पेर वाजवलं, हवेवर, आणि काठी टेकत बाजूला झाले.

मोटार वळणावर आली आणि नेहमीसारखी आरामात वळून गेली. मला त्यांचं दर्शन घडलं ते तेवढंच शेवटचं; त्यानंतर ते बाजारात आले नाहीत, आणि दिवाळीआधी गेले. पुढच्या पावसाळ्याआधी कौलं परतायला दुसरा सुतार आला. आता दसऱ्याला गाऱ्हाणं गोदावयनी घालतात, आणि मी जाब देतो.